पंचाहत्तरीची अट

रविवार, १ फेब्रुवारी

काल कचरा डेपोवर टेसाने आम्हाला गाठलं. आमच्या गावात खरं राजकारण चालतं ते तिथेच. शनिवारी सकाळी सगळे आपापल्या पिशव्या घेऊन येतात आणि बाटल्या एकीकडे, पत्र्याचे डबे दुसरीकडे टाकता टाकता देश चालवतात. टेसा नर्स आहे. शहरातून येऊन चारच वर्षं झाली, म्हणजे अजून नवीनच. मार्चच्या गावसभेपुढे तीन ठराव मांडायचे म्हणून ती सह्या गोळा करत होती. बंदूक बाळगायची तर परवाना हवा, हा पहिला. मत देताना ओळखपत्र नसलं आणि गावातल्या दोघांनी ओळख पटवली तर चालावं, हा दुसरा. आणि तिसरा असा, की पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला राज्यात कुठलंही पद देऊ नये.

असले ठराव गावाने मंजूर केले तरी राजधानीत त्यांना कुणी हिंग लावून विचारत नाही. फक्त आमदाराने ते तिथे वाचून दाखवायचे असतात. आमदार कोण, तर माझा नवरा लायमन थेअर, वय वर्षं एक्क्याऐंशी. आणि ही बया त्याच्याच नाकासमोर कागद धरून उभी!

"लायमन, तिसरा ठराव तुमच्यावर नाही हं," टेसा म्हणाली. निदान तेवढी लाज होती.

"माझ्यावर कसा असेल? मी काय म्हातारा झालोय?" लायमन म्हणाला आणि तिन्हींवर सही ठोकून मोकळा झाला. तो नेहमीच करतो. सही म्हणजे पाठिंबा नव्हे, गावाने बोलावं एवढंच, असं त्याचं म्हणणं.

गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, "कोण गं ती पोरगी?"

"टेसा. गेल्या महिन्यात तुझं रक्त काढलं ते हिनेच."

"हां, टेसा, टेसा," म्हणाला. एवढ्या लोकांना भेटतो, नावं विसरणारच. माझ्याही तोंडावर नावं येत नाहीत हल्ली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काल राजधानीला गेलो. गाडी मीच चालवते. ऑक्टोबरात डॉक्टरने त्याला गाडी बंद केली, तेव्हा जे काही सांगितलं ते डॉक्टरला आणि मला ठाऊक, तिसऱ्या कुणाला नाही. त्याचं लायसन्स मी पाकिटातून काढून माझ्या पर्समध्ये ठेवलंय. लोकांना सांगितलंय की त्याचे डोळे अधू झालेत.

माझा बेत साधा आहे. अधिवेशन जूनपर्यंत. तोवर त्याला कसंबसं न्यायचं. मग तो स्वतःच जाहीर करेल की आता पुन्हा उभा राहत नाही, गाव त्याला जेवण देईल, आणि तो ताठ मानेने घरी येईल. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांची कामं केली त्याच्याकडे बघून कुणी कीव करू नये, एवढंच मला हवंय. माझा जीव तेवढ्यावर टांगलाय.

मी वर गॅलरीत बसते. सकाळी त्याच्या खिशात कुठल्या बिलावर काय मत द्यायचं त्याची चिठ्ठी घालते: पहिलं हो, दुसरं नाही, तिसरं नाही. काल विषय होता नदीवरच्या पुलाचा. लायमन मधेच उभा राहिला आणि जंगलातल्या बर्फगाड्यांच्या वाटांवर बोलला, गेल्या वर्षीचं भाषण, शब्द न् शब्द. पण सभागृहाने चक्क टाळ्या वाजवल्या! बाहेर त्याच्या शेजारचा आमदार मला म्हणाला, "बाई, आज तर त्याने कमाल केली." म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही. हा माणूस बोलतोच असा की विषय कुठलाही असो, ऐकावंसं वाटतं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज सकाळी जे झालं ते लिहू की नको असं झालंय.

रात्री फूटभर बर्फ पडलं होतं. सातच्या सुमाराला बर्ट, लॉर्नाचा नवरा, नेहमीप्रमाणे आपल्या ट्रकने आमचं अंगण साफ करायला आला. लॉर्ना-बर्ट आमचे शेजारी, चाळीस वर्षांचे. मी अंडी फोडत होते. बाहेर लायमनचा आवाज चढलेला ऐकू आला म्हणून दार उघडलं, तर हा पायऱ्यांवर, अंगात रात्रीचे कपडे, पायात मोजे, आणि हातात रिव्हॉल्व्हर. रोखलेलं.

"कोण तू? माझ्या आवारात काय करतोस?"

बर्टने दोन्ही हात वर केले. आवाज मात्र अगदी नेहमीचा. "मी बर्ट, लायमन. बर्फ काढतोय रे."

"बर्ट जाड आहे."

"डॉक्टरने लोणी बंद केलं माझं. बघ की, निम्मा राहिलोय."

लायमनने त्याला नीट निरखलं, आणि मग हसला. "लेका, आधी सांगायचं नाही?" मी त्याच्या हातातून ती वस्तू काढून घेतली. मग तिघांनी कॉफी घेतली, अंडी खाल्ली. बर्टचा कप बशीवर वाजत होता, पण बाहेर थंडीच तशी होती.

झोपेतून उठलेला माणूस, अंगणात दिव्यांचा झोत, कुणीही दचकेल. बर्टनेही काही मनावर घेतलं नाही. संध्याकाळी लॉर्ना बटाटे-चीजचं मोठं भांडं घेऊन आली, आणि जाताना तिने मला मिठी मारली. ती मिठ्या मारणाऱ्यांतली नव्हे. काय निमित्त होतं देव जाणे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पोलीसप्रमुखाला भेटले, रोलंड पिनो त्याचं नाव. शाळेच्या ऑफिसात मी होते तेव्हापासून त्याला ओळखते. मी गोष्ट बेमालूम रचली होती.

"माझी एक मैत्रीण आहे, पलीकडच्या गावातली," म्हटलं. "तिच्या नवऱ्याला हल्ली जरा विसरायला होतं. घरात बंदुका आहेत. तिने काय करावं?"

रोलंडने टोपी काढून टेबलावर ठेवली. "मिसेस थेअर, पूर्वी हे माझ्या हातात होतं. रिव्हॉल्व्हर बाळगायला माझी सही लागायची. माणसाची तब्येत बिघडली की मी सही परत घ्यायचो, आणि गोड बोलून वस्तूही आणायचो. आता परवानाच नाही तर परत काय घेऊ?"

ती सहीची अट उठवायचा कायदा लायमनचाच. त्या दिवशी आम्ही शँपेन उघडली होती.

"मग काहीच नाही करता येत?"

"त्याने कुणाला इजा केली, तर येतं."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी तुमच्या मैत्रिणीने वस्तू इथे आणून द्यावी. मी पावतीसुद्धा मागणार नाही. रात्री-अपरात्री दार वाजवलं तरी चालेल." मग खाली बघत म्हणाला, "आणि तिला सांगा, तिच्या नवऱ्याने माझ्या बापाला नोकरी लावली होती. मी विसरलेलो नाही."

हे शेवटचं काही मला कळलं नाही. रोलंडचा बाप पलीकडच्या गावात कधी नोकरीला होता? पण माझी थाप मात्र पचली.

रविवार, २२ फेब्रुवारी

लायमनला सरळ विचारलं, वस्तू रोलंडकडे ठेवू या का. भडकला. "आज बंदूक दे म्हणशील, उद्या मत दे म्हणशील, परवा मीच कुठेतरी जमा होईन!" मी शिवणाच्या डब्यात लपवली होती ती त्याने शोधून काढली. घरात चोर शिरतात, म्हणून त्याने ती "नीट जागी" ठेवली. आणि आता ती जागा त्याला आठवत नाही.

पिठाचा डबा, लाकडांची पेटी, बुटांचं कपाट, सगळं पाहिलं. कुठेतरी या घरात ती भरलेली पडून आहे. मी उशीसुद्धा जपून उचलते. असल्या वेळी माणसाने कुणाला हाक मारायची?

बुधवार, ४ मार्च

तिसऱ्या ठरावाविरुद्ध लायमनने बोलायचं, हे ठरल्यातच जमा आहे. भाषण मी लिहिलं. छोटी वाक्यं, मोठी अक्षरं. रोज जेवणानंतर म्हणून घेते.

आज मधेच थांबून म्हणाला, "यूनिस, हे कुणाविरुद्ध आहे?"

"टेसाच्या ठरावाविरुद्ध. म्हाताऱ्यांना घरी बसवा म्हणते ती."

"का म्हणते?"

"कारण तरुण आहे. तिला वाटतं वय झालं की माणसाला कळेनासं होतं."

"आणि मग त्याला कोण सांगतं? कळेनासं झालंय म्हणून?"

"घरचे सांगतात. शेजारी सांगतात. तूच म्हणत आलास की, त्याला सरकार कशाला?"

"खरं आहे," म्हणाला, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, चल, पहिल्यापासून.

मंगळवार, १० मार्च

आज गावाची निवडणूक. गेली कित्येक वर्षं मी आणि लॉर्ना मतदार यादीच्या टेबलावर बसतो. ए ते के तिच्याकडे, एल ते झेड माझ्याकडे. ज्यांचं नाक आपण लहानपणी पुसलं त्यांना तोंड वर करून "ओळखपत्र?" विचारायचं, हे हास्यास्पद आहे, पण नियम म्हणजे नियम. पूर्वी शपथेवर चालायचं. तीही सोय गेली, आणि त्या बिलावर लायमनचं मत 'हो' होतं.

अकराच्या सुमाराला बर्ट त्याला घेऊन आला. कोट, टाय, दाढी गुळगुळीत. रांगेत सगळ्यांशी हात मिळवत तो माझ्यापुढे आला.

"नाव?" मी विचारलं. असं विचारावंच लागतं.

"थेअर, लायमन. तुझ्याच घरी राहतो." सगळे हसले.

"ओळखपत्र?"

त्याने पाकीट उघडलं. एक कप्पा, दुसरा, तिसरा. पावत्या, ग्रंथालयाचं कार्ड, माझा जुना फोटो. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की त्याचं लायसन्स माझ्या पर्समध्ये, माझ्या मांडीवर आहे.

काढलं असतं तर? बायको नवऱ्याचं लायसन्स स्वतःजवळ का बाळगते, हे अख्ख्या रांगेला कळलं असतं. मी यादीकडे बघत राहिले.

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, लायमन आहे तो! लिही त्याचं नाव."

"नाही, नाही," लायमन म्हणाला. "कायदा आमचाच आहे. ती बरोबर आहे."

लॉर्ना माझ्याकडे झुकली. "यूनिस, मी दोन मिनिटं कॉफी आणायला जाते. रांगही माझ्याबरोबर कॉफीला येईल. कुणी काही बघत नाहीये. समजलं?" भर मतदानात हिला कॉफी सुचते! मी तिला बस म्हटलं.

"घरी बघून येतो," म्हणत लायमन वळला. बर्ट त्याला घेऊन गेला. मतदान संपेपर्यंत मी दाराकडे बघत होते. घरी आले तेव्हा तो बैठकीत जमिनीवर बसला होता. सगळे खण बाहेर काढलेले.

"मी कोण आहे ते कुठे ठेवलंस गं?" त्याने विचारलं.

मला फार रडू आलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

शनिवार, १४ मार्च

आज गावसभा झाली. अजून कोट काढलेला नाही. तसाच अंगात ठेवून लिहिते आहे.

शाळेच्या जिमखान्याचं सभागृह भरलं होतं. सभेला ओळखपत्र लागत नाही, दारात यादीवर खूण करून नारिंगी कार्ड देतात. चर्चच्या बायकांनी ॲपल-पाय आणि बीन्स मांडले होते. सभापती ग्रीली हातोडा घेऊन वर बसला.

बंदुकीच्या परवान्यावर तासभर खडाजंगी झाली. एक जण म्हणाला, माझ्या आजोबाला अस्वल मारायला कुणाची सही लागली नाही. टेसा म्हणाली, आजोबाचं अस्वल मेलं, दवाखान्यात माझ्यापुढे येतात ती माणसं असतात. "मग दवाखाना बदल!" असं कुणीतरी ओरडलं आणि ग्रीलीने हातोडा आपटला. रोलंड भिंतीला टेकून उभा होता. थोड्या मतांनी ठराव पडला. ओळखपत्राचा ठराव मात्र मंजूर झाला, जवळजवळ सगळी कार्डं वर गेली. मी पण वर केलं. मंगळवारचं कुणीही काढलं नाही. आमचे लोक खरंच सभ्य आहेत.

मग तिसरा. टेसाने मोजकंच सांगितलं, कुणाचं नाव घेतलं नाही. लायमन उठला. मी भाषणाचा कागद त्याच्या हातात दिला. माइकपाशी गेल्यावर त्याने तो उघडला, वाचला, आणि घडी घालून खिशात टाकला.

"मी लायमन थेअर, वरच्या रस्त्यावरचा," तो म्हणाला. "माझ्या बायकोने फार चांगलं भाषण लिहून दिलंय. ती नेहमीच लिहिते. मी तुमचा आमदार की तिचा, हे विचारू नका." लोक हसले. मीही हसले.

"मी या ठरावाच्या बाजूने आहे."

ग्रीलीने हातोडा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"माझी गाडी डॉक्टरने काढून घेतली. एका वाक्यात. मला राग आला, आणि बरंही वाटलं. माझी खुर्ची मात्र कुणी काढून घेत नाही. मी तिकडे बोलतो, लोक टाळ्या वाजवतात. काय बोललो ते मला आठवत नाही, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघतो. तोंडावरून कळतं हो. विसरणाऱ्याला तेवढं कळतं.

"मी आयुष्यभर तुम्हाला सांगत आलो, सरकार कशाला, माणसाला शेजारी सांभाळतात. सांभाळतात. मी एका शेजाऱ्यावर पिस्तूल रोखलं. त्याने माझ्याकडे बसून अंडी खाल्ली. आता मला सांगा, असा शेजारी मला घरी जा म्हणेल का? त्याच्याने होणार नाही. माझ्या बायकोच्यानेही होत नाही. तुमच्यापैकी कुणाच्यानेच होणार नाही, तुम्ही फार भले आहात. माणसाला सांगायला संकोच वाटतो. कायद्याला वाटत नाही. म्हणून तो करा. आणि लवकर करा, कारण पुढच्या वर्षी हे म्हणायचं मला सुचणार नाही."

तो येऊन माझ्या शेजारी बसला. त्याचा हात गरम होता.

टेसा उभी राहिली. रडत होती. "मी ठराव मागे घेते," म्हणाली. "मला हे असं नको होतं." ग्रीली म्हणाला, सभेपुढे आलेला ठराव आता सभेचा आहे. "बाजूने असतील त्यांनी कार्ड वर करा."

एक कार्ड वर गेलं. लायमनचं.

अख्ख्या सभागृहात एकच. टेसानेसुद्धा केलं नाही. बर्ट बुटांकडे बघत होता, लॉर्ना डोळे मिटून. कुणालाही त्याचा अपमान करायचा नव्हता. मला कळत होतं, सगळे त्याच्यासाठीच हात खाली ठेवून बसलेत. माझं कार्ड माझ्या मुठीत होतं. मी ते वर केलं असतं तर आणखी दहा वर गेली असती, कदाचित शंभर. पण सगळं गाव त्याची लाज राखत असताना बायकोनेच ती काढायची? माझा हात उचललाच गेला नाही.

तो कार्ड धरून मागेपुढे बघत राहिला. ग्रीलीला "विरुद्ध?" विचारायलाही जमेना. लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. टाळ्या थांबेचनात. लायमनने हात हळूच खाली घेतला.

गाडीत तो म्हणाला, "किती पडली?"

"एक."

"तू वर केलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

त्याने बोटांवर मोजून पाहिलं. "मग दोन व्हायला हवीत," म्हणाला. "ग्रीलीने मोजणीत घोळ घातला. फेरमोजणी माग."

सोमवार, १६ मार्च

रिव्हॉल्व्हर सापडलेलं नाही. काल ओव्हन पेटवायच्या आधी आत हात घालून पाहिलं.

काल दिवसभर तो फोनजवळ बसून होता. "ग्रीलीचा फोन आला?" "नाही रे, रविवार आहे." तासाभराने पुन्हा तेच. माझ्यावर त्याचा काडीचाही संशय नाही, हेच सोसत नाही. शेवटी त्यानेच ग्रीलीला फोन लावला. मी कान देऊन ऐकलं. "बायकोचं एक आणि माझं एक, दोन होतात की नाही?" ग्रीली काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण लायमन खूश झाला. "बघतो म्हणाला. भला माणूस आहे."

राजधानीतही बंदुकीच्या परवान्याचं एक बिल आलंय, आज त्यावर मतदान होतं. सकाळी त्याला टाय बांधून दिला. चिठ्ठीवर काय लिहावं ते कळेना. 'नाही' लिहिलं तर रोलंडचं तोंड डोळ्यांपुढे येतं, 'हो' लिहिलं तर हे त्याचं मत नव्हे. मग कोरीच चिठ्ठी खिशात घातली.

गाडीत बसून त्याने पट्टा लावला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "फेरमोजणी झाली की सुटलो आपण," म्हणाला. "एवढ्यात होईल ना गं?"

"होईल," म्हटलं, आणि गाडी सुरू केली.